उलटा घसारा

कॉमर्स शिकलेल्या माणसाचा आत्म्याच्या अमरत्वावर विश्वास असो वा नसो, घसाऱ्यावर असतोच. वस्तू विकत घेतली की त्या क्षणापासून ती झिजू लागते, हे आम्हांला मिसरूड फुटण्याच्या वयातच शिकवलेलं असतं. दहा हजारांचं यंत्र घ्यावं, दर वर्षी दहा टक्के घसारा कापावा आणि शेवटी जे काही उरेल त्याला ‘मोडीची किंमत’ म्हणून नमस्कार करावा. सरळ रेषेच्या पद्धतीनं कापा नाहीतर घटत्या शिलकीच्या पद्धतीनं, यंत्र जातं ते खालीच. पुढे बँकेत चिकटल्यावर ह्या तत्त्वाची प्रचीती रोज येत गेली. काउंटरवरचा पंखा, पंचिंग मशीन, तारण म्हणून आलेले ट्रॅक्टर आणि आम्ही स्वतः, सगळेच घटत्या शिलकीच्या पद्धतीनं चाललो आहोत.

पण ह्या मर्त्य लोकात एक चीज अशी आहे की तिला घसारा उलटा लागतो. जितकी जुनी तितकी महाग, आणि मोडली तरी महागच. ती चीज म्हणजे जुन्या अमेरिकन इलेक्ट्रिक गिटारीचा सुटा भाग. लक्षात घ्या, गिटार नव्हे, गिटारीचा भाग. आणि तोही पुष्कळदा मोडका, तडकलेला किंवा जळालेला.

हा शोध मला लागला तो माझ्या भाच्यामुळे. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवसा तो अमेरिकेसाठी काम करतो आणि रात्री अमेरिकेत कोणकोणते खिळे-मोळे विकायला निघालेत ते बघतो. एका रविवारी त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत प्लॅस्टिकची एक चौकोनी कड होती. आपल्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाभोवती असते, साधारण तशी. एका कोपऱ्याला तडा, एक स्क्रू बेपत्ता. खाली वर्णन होतं. त्याचा मथितार्थ असा : १९५९ सालची अस्सल कड. तडा जुनाच आहे. धुराचा आणि धुळीचा मूळ थर राखला आहे. आहे तशी मिळेल. परत घेतली जाणार नाही. आणि त्याखाली डॉलरमध्ये जो आकडा होता त्याचे भाच्यानं रुपये करून सांगितले, तेव्हा मी मोबाइल हातात घेऊन दशांश चिन्ह कुठे सांडलंय का ते पाहिलं. आकडा लाखाच्या घरात जात होता.

“अरे, पण पुसून तरी द्यायची!” मी म्हणालो.

“पुसली तर किंमत उतरते, मामा. ती धूळसुद्धा ओरिजिनल आहे.”

आमच्या माळ्यावर ह्याहून जुनी धूळ आहे, असं माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. पण ती सोलापूरची असल्यामुळे तिला परदेशात भाव नाही.

त्यानंतर मला ह्या जाहिराती वाचायचा नाद लागला. त्यांची भाषा आपल्या वधूवर-सूचक जाहिरातींच्या फार जवळची आहे. आपल्याकडे ‘किरकोळ व्यंग’ असतं, तिकडे ‘प्रामाणिक झीज’ असते. आपल्याकडे ‘घराणं सुसंस्कृत’ असतं, तिकडे ‘एकाच मालकाकडे होती’. आपल्याकडे ‘अपेक्षा नाहीत’ असं लिहून मग चार ओळी अपेक्षा असतात, तिकडे ‘दोषांसकट विकत आहे’ असं लिहून मग दोष हेच गुण कसे आहेत ते सांगितलेलं असतं. तारा नसलेली खुंटी, खुंटी नसलेलं खुंटीचं बटण, ज्यात गिटार नाही अशी गिटारीची पेटी, जिला किल्ली लागत नाही असं पेटीचं कुलूप आणि ज्या कुलपाचा पत्ता नाही अशी किल्ली, असं सगळं सुटंसुटं विकायला असतं. पेटीतले कागद, पट्टा, पुसायचं फडकं ह्यांना तर तिकडे ‘पेटीतला खाऊ’ अशा अर्थाचं लाडकं नावच आहे. आजोबांच्या जुन्या ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांना आपण असं नाव कधी दिलं नाही, ही आपली व्यापारी दृष्टी.

आता हे खूळ आलं कुठून, याचा इतिहास पाहिला पाहिजे. इतिहास पाहिल्याशिवाय भाव कळत नाही, हे सोन्याच्या कर्जाला जितकं लागू तितकंच ह्यालाही.

ह्या कथेचा पहिला नायक लिओ फेंडर. जन्म १९०९, मुक्काम कॅलिफोर्निया, शिक्षण अकाउंट्स. होय, अकाउंट्स! जगातल्या अर्ध्या रॉक संगीतानं ज्याच्या गिटारी बडवल्या तो माणूस आमच्या जातीचा, जमाखर्चवाला होता, हे वाचलं तेव्हा मला कॉलेजची फी वसूल झाल्यासारखं वाटलं. मंदीच्या काळात हिशेबनिसाच्या नोकऱ्या गेल्यावर त्यानं १९३८ साली सहाशे डॉलर कर्जाऊ घेऊन फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे तो गिटारी करू लागला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ती जुळवतासुद्धा येत नव्हती. पण मोडलेली वस्तू दुरुस्तीला येते तेव्हा गिऱ्हाईक कसं तळमळतं, हे त्यानं दुकानात पाहिलं होतं. म्हणून त्यानं गिटारच अशी केली की तिचा कुठलाही भाग स्क्रूड्रायव्हरनं सुटावा. दांडी डिंकानं चिकटवायची नाही, चार स्क्रूंनी धडाला आवळायची. वाकली? चार स्क्रू काढा, दुसरी लावा. कुठल्याही भागात जीव गुंतवायचा नाही. अकाउंटंटाची गिटार ती. तिच्यात न बदलता येण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि गंमत बघा, आज त्या चार स्क्रूंचेसुद्धा पैसे येतात.

१९५० साली फेंडरनं ‘ब्रॉडकास्टर’ नावाची गिटार काढली. तेवढ्यात ग्रेच ह्या कंपनीनं सांगितलं की ह्या उच्चाराचं नाव आमच्या ढोलांना आहे, तुमचं काढा. आता लेबलं तर छापून तयार! छापलेली लेबलं फेकून देईल तो अकाउंटंट कसला! त्यांच्यावरचं गिटारीचं नाव कात्रीनं कापलं आणि नुसतं ‘फेंडर’ एवढंच उरवून चिकटवलं. १९५१ साली ‘टेलिकास्टर’ हे नवं नाव पडेपर्यंत काही महिने बिननावाच्याच गिटारी बाहेर पडल्या. बारशाआधी जन्मलेल्या ह्या पोरांना आता ‘नोकास्टर’ म्हणतात, आणि नाव नसल्यामुळे त्यांची पत नाव असलेल्यांपेक्षा मोठी आहे. आमच्याकडे बिननावाचं खातं निघालं तर इन्स्पेक्टर आम्हांला उभं करतो.

१९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. किंमत दोनशे एकोणपन्नास डॉलर पन्नास सेंट. तिच्या घोडीवर फेंडरनं एक चकचकीत क्रोमचं झाकण बसवून दिलं होतं. दिसायला देखणं, पण वाजवणाराचा हात नेमका तिथेच येणार. लोकांनी ते पहिल्या दिवशीच उपटलं, आणि फेकायचं कशाला म्हणून पालथं ठेवून त्यात सिगारेटची राख झाडली. त्या झाकणाचं नावच पुढे ‘ॲशट्रे’ पडलं. पंधरा-वीस वर्षांत बहुतेक झाकणं राखेसकट कचऱ्यात गेली, आणि म्हणूनच जी उरली ती आता मौल्यवान झाली. आपण ज्या गोष्टीला अडचण समजून फेकतो तीच वंशजांना दुर्मिळ वाटते, हा इतिहासाचा नियमच दिसतो. (हा नियम सौ.ला सांगू नये. माळा आधीच भरलेला आहे.)

१९६५ च्या जानेवारीत प्रकृतीच्या कारणानं लिओनं आपली कंपनी सी.बी.एस. ह्या बड्या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. तेव्हा गिऱ्हाइकांची अशी समजूत झाली की आता माल बिघडणार, आणि थोडाफार बिघडलाही. त्यामुळे कालगणनेचे दोन भाग पडले : सी.बी.एस.पूर्व आणि सी.बी.एस.नंतर. डिसेंबर १९६४ चा स्क्रू आणि डिसेंबर १९६५ चा स्क्रू भिंगाखाली एकसारखे दिसले, तरी एक पेशवाईतला आणि दुसरा कंपनी सरकारातला.

दुसरं घराणं गिब्सनचं, मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावचं. ह्यांनी १९५२ मध्ये लेस पॉल नावाच्या वादकाच्या नावानं एक गिटार काढली. तिच्यात तारांचा आवाज पकडायला जे लोहचुंबकाचं उपकरण असतं, त्याला पिकअप म्हणतात. चुंबकावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच मामला. पण साध्या पिकअपमधून विजेची गुणगुण ऐकू यायची. सेथ लव्हर नावाच्या गिब्सनच्या इंजिनियरनं दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती गुणगुण मारली. १९५५ च्या जूनमध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. कंपनीनं १९५७ पासून पिकअपच्या तळाला छोटी चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली : ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे.’

पेटंट मिळालं जुलै १९५९ मध्ये. चिठ्ठ्या मात्र १९६२ च्या सुमारापर्यंत ‘अर्ज केला आहे’ असंच सांगत राहिल्या. सरकारी खात्यात काम करणाऱ्यांना ह्यात वावगं काही वाटणार नाही. मग नंबराची चिठ्ठी आली. पण तिच्यावरचा नंबर ह्या पिकअपच्या पेटंटचा नव्हताच. तो होता लेस पॉलच्या नावावरच्या, तारा अडकवायच्या एका पट्टीच्या पेटंटचा! म्हणजे शोध एकाचा, नंबर दुसऱ्याच्या भलत्याच वस्तूचा, आणि असे पिकअप वर्षानुवर्षं दुकानात जात होते. आमच्या बँकेत असं व्हाउचर पास झालं असतं तर चार जणांच्या इन्क्रिमेंट थांबल्या असत्या. इथे मात्र ‘अर्ज केला आहे’वाली चिठ्ठी पाहिली की लोक टोपी काढतात. इतके, की आता नुसत्या खोट्या चिठ्ठ्याही वेगळ्या विकायला असतात. अर्ज न करताच अर्ज केल्याची पावती!

वेढे गुंडाळण्याची तऱ्हाही अशीच. त्या काळच्या यंत्रांवर वेढे मोजायची धड सोय नव्हती. रीळ भरलं की थांबायचं. त्यामुळे एका पिकअपवर वेढे कमी, दुसऱ्यावर जास्त. आवाजही प्रत्येकाचा निराळा. त्या वेळी ह्याला हयगय म्हणाले असते, आता ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात. त्यातून १९५९ च्या सुमारास काही रिळं काळ्याऐवजी फिकट पिवळट प्लॅस्टिकची आली. कुणाला काय त्याचं! वर धातूचं झाकणच बसणार होतं. आता तेच झाकण उचकटून आत दोन्ही रिळं पिवळी निघाली तर विक्रेता लॉटरी लागल्यासारखा नाचतो, एक काळं एक पिवळं निघालं तर त्याला ‘झेब्रा’ म्हणतात, आणि दोन्ही काळी निघाली तर बिचारा मुलगी सावळी असल्यासारखा ‘पण आवाज फार गोड हं’ असं लिहितो.

एवढं सगळं जिच्या पोटात होतं ती १९५८ ते १९६० ची लेस पॉल गिटार त्या वेळी खपत नव्हती. पुढून पिवळी, कडेला तांबूस होत जाणारी, सूर्यास्तासारख्या रंगाची. तीन वर्षांत मिळून दीड हजाराच्या आसपास निघाल्या. जड आहे, जुन्या वळणाची आहे अशी कुरकुर झाली, आणि १९६१ मध्ये गिब्सननं तो घाटच बदलून टाकला. हिशेबाच्या दृष्टीनं अगदी बरोबर निर्णय. न खपणारा माल बंद करावा, हे पुस्तकात लिहिलंय.

पण पुस्तकात एरिक क्लॅप्टन नव्हता. ह्या तरुण इंग्रजानं अशीच एक जुनी लेस पॉल मिळवून १९६६ साली जॉन मेयॉलच्या मंडळींबरोबर एक रेकॉर्ड काढली. तो जाडजूड, ओरडता आवाज ऐकून इंग्लंड-अमेरिकेतली पोरं वेडी झाली आणि ‘ती’ गिटार शोधू लागली. दुकानात ती सहा वर्षांपूर्वीच बंद झालेली. खुद्द क्लॅप्टनचीही त्याच वर्षी चोरीला गेली. गिब्सननं १९६८ मध्ये पुन्हा लेस पॉल काढायला सुरुवात केली. पण नवी ती नवी. म्हणून न खपलेल्या त्या दीड हजारांच्या मागे जग लागलं. अडीचशे-पावणेतीनशे डॉलरची ती गिटार आज काही लाख डॉलरला जाते.

आता इथे हिशेबातला खरा पेच येतो. ज्याला लाखो डॉलर परवडत नाहीत त्यानं काय करायचं? त्यानं नवी गिटार घ्यायची आणि तिच्यात जुन्या गिटारीचे अवयव बसवायचे. एक पिकअप, दोन बटणं, एक कंडेन्सर. देहदानासारखाच प्रकार, फक्त इथे दात्याचे नातेवाईक भाव करतात. माझा भाचाही एका पिकअपवर डोळा ठेवून होता. आतली तार तुटलेली, आवाज शून्य.

“अरे, चालत नाही तो घेऊन काय करणार?”

“मामा, चालत नाही म्हणूनच खात्री वाटते. कुणी हात लावलेला नाही.”

ह्या युक्तिवादावर मी बराच विचार केला. आमच्या एका सहकाऱ्याचं कामही वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं आहे, पण त्याला अशी मागणी नाही.

अस्सलपणा ओळखायचं ह्यांचं शास्त्र मात्र बँकवाल्यानं हात जोडावेत असं आहे. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली जो भाग असतो, त्याच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे : १३४ म्हणजे सेंट्रालॅब, १३७ म्हणजे सी.टी.एस., ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे आकडे वर्षाचे आणि त्या वर्षातल्या आठवड्याचे. म्हणजे कुठल्या साली कितव्या आठवड्यात तो भाग जन्मला हे सांगता येतं. आपल्यापैकी कित्येकांची शाळेतली जन्मतारीख एक जून असते! शिवाय डाग दिलेलं कथील कधी वितळवलं गेलं नाही ना, तेही पाहतात. त्यामुळे कित्येक जण तारा-बटणांचं सगळं जाळं तसंच्या तसं उपटून विकतात. आतडी काढावीत तसं.

मोडक्या मालाला गिऱ्हाईक असतं, हे इंटरनेटच्या बाजाराला जन्मतःच ठाऊक होतं. १९९५ च्या सप्टेंबरात पियर ओमिड्यार ह्या गृहस्थानं संगणकावर लिलावाची जागा उघडली. तीच पुढे ‘ईबे’ झाली. तिथे त्याची विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटला गेला. कंपनी सांगत आलेली गोष्ट अशी की, ओमिड्यारनं घेणाराला विचारलं, “हा बिघडलेला आहे, कळलंय ना तुम्हांला?” तर उत्तर आलं, “मी बिघडलेलेच जमवतो.” ज्या बाजाराची बोहनीच अशी झाली त्याचा पुढचा धंदा काय वर्णावा! २०१३ मध्ये तर शिकागोत फक्त वाद्यांसाठी ‘रिव्हर्ब’ नावाचा असाच बाजार निघाला, आणि सहाच वर्षांत एट्सी कंपनीनं तो साडेसत्तावीस कोटी डॉलरला घेतला.

मोडतोड थोरामोठ्याच्या हातून झाली असेल तर मग विचारूच नका. जिमी हेंड्रिक्सनं मार्च १९६७ मध्ये लंडनच्या ॲस्टोरिया थिएटरात एक स्ट्रॅटोकास्टर स्टेजवर पेटवली. ती जळकी गिटार २००८ मध्ये दोन लाख ऐंशी हजार पौंडांना गेली. कर्ट कोबेननं आपटून फोडलेली एक फेंडर पुन्हा जुळवून ठेवली होती, वाजवण्याच्या लायकीची मात्र राहिली नव्हती. तिला मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळजवळ सहा लाख डॉलर आले. आमच्या घरी कपबशी फुटली की फोडणाराला बोलणी बसतात. फोडणारा कोण, यावर सगळं आहे.

हा कल पाहून फेंडर कंपनीच्याच खास कारखान्यानं १९९५ मध्ये नवं पाऊल टाकलं. नवी कोरी गिटार करायची आणि मग कारागिरानं बसून तिला पोचे आणायचे, रंग खरवडायचा, धातूला गंज चढवायचा. ह्या मारलेल्या गिटारीची किंमत न मारलेलीपेक्षा जास्त! घसारा आगाऊ कापून तो किमतीत मिळवायचा, ही कल्पना मला परीक्षेत सुचली असती तर मी नापास झालो असतो. तिथे त्यांनी कारखाना चालवला.

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पण एक दिवस भाच्यानं दाखवलेल्या जाहिरातींत एकाच माणसाच्या बारा-चौदा जाहिराती ओळीनं लागल्या. पिकअप दोन. खुंट्या सहा. घोडी. कड्या. बटणं चार. मागची झाकणं. पेटी. मी हिशेबी माणूस. बेरीज करू लागलो. बेरीज करता करता लक्षात आलं की, अरे, ही तर एक सबंध गिटार आहे! कालपर्यंत वाजत असणार. कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला आणि तिचे तुकडे केले, कारण सुट्या भागांची बेरीज सबंध गिटारीपेक्षा जास्त भरत होती.

आमच्या धंद्यात ह्याला अवसायन म्हणतात. बुडालेली कंपनी मोडीत काढतात, तेव्हा यंत्रं, खुर्च्या, पंखे वेगवेगळे विकतात, कारण चालत्या कंपनीला जी जादा किंमत असते ती तिथे उरलेली नसते. त्या जादा किमतीला पागडी म्हणा, नावलौकिक म्हणा. इथे उलटं झालं. गिटार चालू होती, आणि नावलौकिक सुट्या स्क्रूंना चिकटला होता. तेव्हा चालती वस्तू मोडून विकणं फायद्याचं ठरलं. रंग पूर्वी कुणी बदललेला, नाहीतर दांडी एकदा तुटून सांधलेली अशी गिटार असली तर तिच्यावर हा प्रसंग हमखास येतो. वाजवणाराला तिचं काहीच अडत नाही. जमवणाराला ती बाटलेली वाटते. मग तिचं ‘अस्सल’ तेवढं सोलून काढतात आणि गाणारं लाकूड मागे टाकतात.

लाकूड मागे टाकायला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा धागा आपल्या रानापर्यंत येतो. ह्या जुन्या गिटारींच्या दांडीवरची पट्टी पुष्कळदा ब्राझीलच्या शिसवाची असते. त्या झाडाची इतकी तोड झाली की १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं त्याच्या व्यापारावर कडक बंदी घातली. त्यामुळे दांडी देशाबाहेर धाडायची तर परवाने, दाखले, शिक्के. प्लॅस्टिकच्या कडीला काही लागत नाही, पाकिटात घालून पाठवा. म्हणून बाजार प्लॅस्टिकचा तेजीत. आणि ब्राझीलचं शिसव दुर्मिळ झाल्यावर गिटारवाल्यांनी कुठे धाव घेतली असेल? आपल्या सह्याद्रीच्या अंगाला वाढणाऱ्या भारतीय शिसवाकडे! आजीचा शिसवी देव्हारा आणि टेक्सासमधल्या कुणाची गिटार एका जातीच्या झाडाची असू शकते. आजीला हे कळलं असतं तर तिनं देव्हाऱ्याला एकदा कान लावून पाहिला असता.

तर अशा रीतीनं गिटारीचे तुकडे होतात, आणि तेव्हा कधी कधी आतून एक गोष्ट बाहेर येते. पन्नासच्या दशकातली स्ट्रॅटोकास्टर उघडली, पुढची प्लॅस्टिकची पाटी काढली की लाकडातल्या खोबणीत कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो. त्यावर हातानं नाव लिहिलेलं असतं : ‘मेरी’. कधी ‘ग्लोरिया’. आडनाव नाही, हुद्दा नाही. ज्या बाईनं त्या दिवशी आतल्या तारांची जोडणी केली तिचं नाव. दांडी सोडवली तर खाली टोकाशी पेन्सिलीनं तारीख आणि ‘टी.जी.’ अशी अक्षरं निघतात. तो तादेओ गोमेझ, दांड्या तासणारा कामगार. अबिगेल इबारा नावाची बाई १९५६ मध्ये फेंडरच्या कारखान्यात लागली, पिकअपवर तार गुंडाळत राहिली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली. सत्तावन्न वर्षं! तिची आद्याक्षरं ज्या पिकअपवर असतात त्याला लोक डोळ्यांशी नेतात.

ह्यांतल्या कुणी हे नाव विकलं जावं म्हणून लिहिलेलं नव्हतं. काम कुणी केलं ते कळावं, म्हणजे उद्या तार सुटली तर कुणाला बोलावायचं ते ठाऊक असावं, एवढाच त्याचा उपयोग. मेरीला त्या दिवसाची मजुरी मिळाली, ती घरी गेली, विषय संपला. फेंडरच्या मालकानं न बदलता येण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. पण ह्या बाया-माणसांचे हात मात्र नंतर कुणाला बदलून मिळाले नाहीत. त्या तडकलेल्या कडेला आणि बंद पडलेल्या पिकअपला जो भाव येतो तो माझ्या मते त्या हातांचा आहे. फक्त तो त्यांच्या घरी पोचत नाही. तो ज्यानं गिटार मोडली त्याच्या खात्यात जमा होतो. नोंद चुकीच्या खात्यावर पडली आहे, एवढं मला पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगता येईल. ती दुरुस्त कशी करायची हे मात्र कुठल्याच परिपत्रकात नाही.

हे सगळं वाचल्यापासून मला आमच्याकडच्या आद्याक्षरांविषयी ममत्व वाटू लागलंय. बँकेत प्रत्येक कागदावर करणाराची आणि तपासणाराची अशी दोघांची आद्याक्षरं लागतात. गेल्या मार्चनंतर रेकॉर्ड रूममधले मुदत संपलेले कागद नष्ट करायला काढले, तेव्हा जुन्या व्हाउचरांवर ती शेकड्यांनी दिसली. कुणाचा ‘प’ शेपटी वळवून बसलेला, कुणाची नुसतीच एक लाट. ही माणसं कधीच निवृत्त झाली. काही तर आमच्या आधीच्या पिढीची. त्यांतल्या एकाही रकमेत पैशाची चूक राहिलेली नव्हती. सगळे गठ्ठे वजनावर गेले. किलोला जो दर आला त्याचं व्हाउचर मीच केलं.

मोडीची किंमत म्हणतात ती हीच. तिच्यावर माझी काही तक्रार नाही. फक्त एक केलंय. इतकी वर्षं माझी आद्याक्षरं म्हणजे सहाणेवरून मुंगी चालत गेल्यासारखी दिसायची. आता जरा थांबून, वाचता येतील अशी करतो. शिपाई म्हणतो, “साहेब, हल्ली फार वेळ लावता सहीला.” लागू दे.